आनंदाचे ऋण

मनुष्य जन्माला येतो तो तीन ऋणे डोक्यावर घेऊनच, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे : देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. देवांचे ऋण यज्ञाने फेडावे, ऋषींचे अध्ययनाने आणि पितरांचे वंश चालवून. ही यादी करणारी मंडळी हिशेबाला मोठी चोख होती यात शंका नाही. पण त्यांच्या वहीत एक खाते मांडायचे राहून गेले असे मला पुष्कळदा वाटते. ज्याने आपल्याला विद्या दिली नाही, अन्न दिले नाही, दुखण्यात औषध दिले नाही, ज्याची आणि आपली साधी तोंडओळखही नव्हती, पण ज्याच्यामुळे एखादा दिवस आयुष्यभर उजळून राहिला, अशा माणसाचे आपण काही देणे लागतो की नाही? लागत असलो तर ते फेडायचे कसे? आणि तो आज हयात नसेल, तर कोणाच्या हाती द्यायचे?

या प्रश्नाची नीट पारख करायची तर उदाहरण जितके साधे तितके बरे. एखादा संत, कवी किंवा गवई घेतला, तर आनंदाबरोबर भक्ती, ज्ञान, संस्कार अशा वजनदार गोष्टी तागडीत येऊन बसतात आणि नुसत्या आनंदाचे वजन किती ते कळेनासे होते. म्हणून मी निवडतो आहे एक नुसता धावणारा माणूस. तो धावला तोही परक्या मुलखात, आपल्याकडे फारशा कोणी न पाहिलेल्या खेळात. त्याचे नाव ब्रायन बेव्हन.

इंग्लंडच्या उत्तरेकडे, लँकेशर आणि यॉर्कशर या परगण्यांत, रग्बी लीग नावाचा खेळ लोकांच्या हाडीमासी खिळलेला आहे. दोन्ही बाजूंना तेरा तेरा गडी आणि लांबट, अंडाकृती चेंडू. तो हातात घेऊन पळायचे आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला ‘ट्राय’ म्हणतात. चेंडू हाताने पुढे फेकायला मनाई. द्यायचा तो बाजूच्या किंवा मागच्या गड्याला. पळणाऱ्याला धरून आडवे पाडण्याची मात्र समोरच्यांना पूर्ण मुभा. कबड्डीत मध्यरेषेकडे झेपावणारा चढाईवाला आणि त्याच्या कमरेला, घोट्याला बिलगलेले चारपाच गडी ज्याने पाहिले आहेत, त्याला या खेळाचा अर्धा जीव समजला असे म्हणायला हरकत नाही. मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक गडी असतो, तो विंगर. मधली धष्टपुष्ट मंडळी रेटारेटी करून वाट काढतात, चेंडू हातोहात कडेला येतो, आणि मग सगळा खेळ येऊन ठेपतो एवढ्याशा गोष्टींवर : हातभर मोकळी जागा, एका अंगाला पांढरी रेषा, समोर झडप घालायला टपलेले गडी आणि विंगरचे पाय.

या खेळाचा जन्मच मुळी एका हिशेबाच्या भांडणातून झाला. जुन्या रग्बीच्या चालकांना खेळाडूने पैसा घेणे हे पाप वाटे. सुखवस्तू घरच्या मुलांना हे तत्त्व परवडत होते. उत्तरेतले खेळाडू खाणीत, गिरणीत, गोदीत राबणारे. शनिवारी खेळायला जावे तर कामाचा खाडा होई आणि मजुरी बुडे. ती बुडालेली मजुरी तरी भरून द्या, एवढेच त्यांच्या क्लबांचे मागणे होते. ते फेटाळले गेले, तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी बैठक भरवली आणि आपली चूल वेगळी मांडली. कष्टकऱ्याच्या शनिवारची किंमत काय, हा प्रश्न या खेळाच्या पायातच पुरलेला आहे. आपल्या प्रश्नाशी त्याचे नाते आहे, म्हणून ही हकीगत सांगितली.

वेगळी चूल मांडणाऱ्यांत वॉरिंग्टनचा क्लब होता. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मधोमध, मर्सी नदीकाठी वसलेले हे कारखान्यांचे गाव. इथे लोखंडी तार ओढण्याचा मोठा धंदा चाले. त्यावरून संघाला लोक लाडाने ‘द वायर’, म्हणजे ‘तार’च म्हणत. १९४५ साली ऑस्ट्रेलियाच्या आरमारातली एक युद्धनौका दुरुस्तीसाठी इंग्लंडात आली. तिच्या बॉयलरच्या भट्टीवर काम करणारा सिडनीचा एक एकवीस वर्षांचा पोरगा कुठे खेळायला मिळते का म्हणून हिंडत होता. अंगाने किडकिडीत, वागायला बुजरा. यॉर्कशरमधल्या नामांकित मंडळींना त्याच्यात काही विशेष दिसले नाही. वॉरिंग्टनवाल्यांनी त्याला चाचणीपुरता मैदानात उतरवला आणि ठेवून घेतला. तो त्यांचा झाला तो सोळा वर्षे.

दिसायला बेव्हन कधीच वीरपुरुष नव्हता. लवकरच डोक्यावरचे केस गेले, समोरचे दात गेले. दोन्ही गुडघ्यांना जाड पट्ट्या गुंडाळलेल्या. एखादा हडकुळा कारकून चुकून मैदानात शिरला आहे असे परक्याला वाटावे. पण चेंडू हातात आला की त्या पट्ट्या बांधलेल्या पायांत काय संचारे कोण जाणे. भरधाव पळता पळता तो क्षणभर मंदावे, समोरचा फसे, की हा पुन्हा सुटे. एका पावलात दिशा बदले. एका कडेला वाट बंद दिसली, तर सारे मैदान आडवे कापून दुसऱ्या कडेने निघून जाई. वॉरिंग्टनसाठी ६२० सामन्यांत त्याने ७४० ट्राय केल्या. १९५२–५३ च्या एकाच हंगामात ७२. एका सामन्यात सात ट्राय करण्याचा पराक्रम त्याने दोनदा केला. १९६२ साली त्याने वॉरिंग्टन सोडले, पुढे ब्लॅकपूलकडून खेळून १९६४ मध्ये निवृत्ती घेतली, तेव्हा एकूण आकडा झाला होता ७९६. त्याच्या खालोखाल बिली बॉस्टन, ५७१ ट्राय. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत सव्वादोनशेचे अंतर, यावरून काय ते समजावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वॉरिंग्टनच्या लोकांवर या माणसाचे ऋण होते का?

व्यवहारी माणूस म्हणेल, कसले ऋण? बेव्हनला खेळण्याचे पैसे मिळत होते. प्रेक्षकांनी तिकीट काढले होते. माल दिला, दाम घेतले. खाते बेबाक झाले. हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे, आणि ज्या खेळाचा उगमच मजुरीच्या न्याय्य मागणीत आहे, त्याच्या बाबतीत पैशाला तुच्छ लेखण्याचा ढोंगीपणा आपण करू नये. पण थोडा बारकाईने विचार करा. तिकीट होते मैदानात शिरण्याचे. त्याच किमतीत पावसात भिजत पाहिलेले कितीतरी रटाळ सामनेही लोकांना मिळाले आणि त्याबद्दल कोणी पैसे परत मागितले नाहीत. मग ज्या दिवशी बेव्हनने मैदान आडवे कापले आणि हजारो माणसांचा श्वास एकदम अडकला, त्या दिवशी मिळालेले जास्तीचे जे काही होते, ते कोणत्या तिकिटाचे? दामाने वस्तू विकत घेता येते, वस्तूवर ओसंडून मिळालेले विकत घेता येत नाही. त्याची पावती कुठे फाडलेली नसते, म्हणूनच ते ऋण राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणूस पळाला, चेंडू टेकवला, तीन गुण झाले. (त्या काळी ट्रायला तीनच गुण मिळत.) यात जगाचे काय भले झाले? खरोखर, काहीच नाही. त्या धावण्याने कोणाची मजुरी वाढली नाही, कोणाच्या घराचे गळके छप्पर शाकारले गेले नाही. पण आठवडाभर ज्याचे शरीर दुसऱ्याच्या भोंग्यावर चालते, त्या माणसाने शनिवारी दुपारी काय पाहिले याचाही विचार करायला हवा. त्याने पाहिले की आपल्यासारखेच हाडामासाचे, किंबहुना आपल्याहूनही काटकुळे एक शरीर कोणाच्या हाती लागत नाही. दहाजण धरायला धावतात आणि ते निसटते. याचा उपयोग विचारणे म्हणजे सणाच्या दिवशी दारापुढे काढलेल्या रांगोळीचा उपयोग विचारणे. तिने घर मजबूत होत नाही, पण ते घर आपले वाटते. वॉरिंग्टन हे आपले गाव आहे असे हजारो माणसांना एकाच क्षणी वाटायला लावणे हे काम नगरपालिकेला करता येत नाही. ते त्या बिनदातांच्या माणसाने केले.

ऋण आहे असे मानले, तर ते फेडायचे कसे? बेव्हन १९९१ च्या जूनमध्ये साउथपोर्ट येथे वारला. त्याच्या हयातीत, १९८८ साली, ब्रिटिश रग्बी लीगने थोर खेळाडूंची नामावली सुरू केली, तेव्हा पहिल्या नऊ जणांत त्याचे नाव होते, हे समाधानाचे. गावाने त्याचा पुतळा उभारला तो १९९३ मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर दोन वर्षांनी. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाने शंभर वर्षांतला आपला सर्वोत्तम संघ निवडला, त्यात दोन विंगरांपैकी एक बेव्हन; आणि गंमत अशी, की ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघातून तो एकदाही खेळलेला नव्हता. मायभूमीने आपल्या मुलाला ओळखायला साठ वर्षे लावली. पुतळे आणि मानसन्मान हे ऋणाच्या फेडीचे जाहीर हप्ते. ते बहुधा उशिराच जातात.

खरी फेड मात्र अन्यत्र चालू असते. आपल्या तीन ऋणांतले पितृऋण पाहा. ते पितरांना परत करता येतच नाही. ज्यांनी दिले त्यांना फेडायचे नसून, ज्यांना अजून मिळालेले नाही त्यांच्या हाती सोपवायचे, अशी त्याची रीत आहे. आनंदाच्या ऋणाची रीतही मला तीच दिसते. विल्डरस्पूलच्या मैदानावर बापाच्या खांद्यावर बसून ज्यांनी बेव्हनला पाहिले, ते आज स्वतः आजोबा-पणजोबा असतील. वॉरिंग्टनच्या संघाने ते मैदानही २००३ अखेर सोडले. पण ज्यांनी त्याला पाहिले नाही, ज्यांच्या बापानेही कदाचित पाहिले नाही, त्यांना तो कसा पळत असे हे माहीत आहे. कोणीतरी सांगितले म्हणून. चहाच्या टेबलावर मीठदाणी आणि साखरेचे भांडे मांडून, हा अडवणारा, हा दुसरा, आणि हा असा मधून निघून गेला, असे बोटाने दाखवत सांगण्यात जे हप्ते भरले जातात, त्यांची नोंद कुठल्याही वहीत नसते.

इथेच माझ्या मते खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. हप्ता भरायचा तर नाणे खरे हवे. आठवणीला मीठमसाला लागतो हे कोणाला ठाऊक नाही? सांगणाऱ्याच्या प्रेमाबरोबर मैदानाची लांबी वाढते, अडवणारे चारांचे आठ होतात. हे खोटे बोलणे आहे का? प्रेमापोटी आहे म्हणून क्षम्य आहे का? एक उदाहरण घेऊ. ५ मे १९५४ रोजी ब्रॅडफर्डच्या ऑड्सल मैदानावर वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स यांच्यात चॅलेंज कपचा अंतिम सामना दुसऱ्यांदा खेळवला गेला, कारण वेम्ब्लीवरचा पहिला बरोबरीत सुटला होता. एक लाखाहून अधिक माणसे लोटली. वॉरिंग्टनने ८–४ असा विजय मिळवला. बेव्हनच्या कारकिर्दीत इतका मोठा जनसागर दुसरा झाला नसेल. आणि त्या दिवशी त्याने एकही ट्राय केली नाही. वॉरिंग्टनच्या दोन्ही ट्राय चॅलिनॉर आणि हेल्म या दुसऱ्या दोघांच्या. भाबड्या आठवणीला त्या दिवशी बेव्हनला धावायला लावण्याचा मोह होणे अगदी स्वाभाविक आहे. पण तो मोह आवरायला हवा, आणि तो केवळ आकडेवारीच्या शिस्तीसाठी नव्हे. बेव्हनच्या नावे खोटी ट्राय मांडली, तर ती त्या दोघांपैकी कोणाच्या तरी खिशातून काढावी लागते. एकाचे ऋण फेडायला दुसऱ्याच्या घरी चोरी, याला कृतज्ञता म्हणता येणार नाही.

शिवाय खोट्याची गरज पडते ती आपल्या माणसावर पुरता विश्वास नसला म्हणजे. वॉरिंग्टनच्या लोकांचे मला कौतुक वाटते ते यासाठी, की त्यांनी बेव्हनला आठवणीत देखणा केला नाही. टक्कल, पडलेले दात, पट्ट्या बांधलेले गुडघे यांच्यासकट त्याला जपले. पूर्वी ज्या परीक्षकांनी रूप पाहून त्याला परत पाठवले, त्यांची चूक लक्षात राहावी, तर ते रूपही लक्षात राहिले पाहिजे.

आठवणीची दुसरी विकृती याहून वाईट. जुन्या खेळाडूचे गुण सांगता सांगता मनुष्य आजच्या पोरांना झोडपू लागतो. “तसा आता कोणी होणे नाही.” हे वाक्य दिसते कृतज्ञतेचे, पण त्यात कावा आहे. स्वतः ऋणको असलेला माणूस इथे सावकार होऊन बसतो आणि ज्यांनी त्याच्याकडून काही घेतले नाही त्यांच्याकडून व्याज वसूल करतो. बेव्हनच्या काळी संघाला चेंडू किती वेळ ताब्यात ठेवता येईल यावर बंधन नव्हते. चार वेळा पाडल्यावर चेंडू सोडण्याचा नियम १९६६ मध्ये आला आणि पुढे चाराचे सहा झाले. आज गडी अंगाने दांडगे, सराव वेगळा, आहार वेगळा. दोन काळ एका तागडीत घालणे मुळातच अन्यायाचे. १९९४ मध्ये वेम्ब्लीवर विगनचा मार्टिन ऑफाया जवळजवळ सारे मैदान ओलांडून गेला. तेव्हा ज्या म्हाताऱ्याने बेव्हनला आठवत आठवत त्यालाही टाळ्या दिल्या, त्यालाच बेव्हन खरा समजला असे मी म्हणेन.

आणि खऱ्या नाण्याने फेड करायची तर खात्यातल्या लाजिरवाण्या नोंदीही पुसता येत नाहीत. वर ज्या बिली बॉस्टनचे नाव आले, तो कार्डिफच्या बंदरवस्तीतला, कृष्णवर्णीय बापाचा मुलगा. विगनसाठी त्याने ४७८ ट्राय केल्या. विगनमध्ये त्याला देवासारखे मानीत. १९५४ च्या ब्रिटिश दौऱ्यावर जाणारा तो पहिला गौरेतर खेळाडू, आणि त्या एका दौऱ्यात त्याने ३६ ट्राय केल्या. पण १९५७ साली ऑस्ट्रेलियातले विश्वचषकाचे सामने आटोपून ब्रिटिश संघ दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनी सामने खेळायला गेला, तेव्हा तिथल्या वर्णभेदापुढे मान तुकवली गेली आणि बॉस्टन एकटा घरी परतला. बाकीचा संघ खेळायला गेला. त्याच्या धावण्याचा आनंद ज्यांनी लुटला होता, त्यांनी त्या वेळी त्याच्या अपमानाची जबाबदारी उचलली नाही. २०२५ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेली ही पहिलीच. सन्मान झाला हे उत्तमच झाले. पण तेवढ्याने १९५७ ची नोंद वहीतून जात नाही. ज्याच्याकडून आनंद घेतला त्याच्या मानाची राखण करणे हाही फेडीचाच भाग आहे, आणि तो हप्ता पुतळ्याप्रमाणे मागाहून भरता येत नाही. तो त्याच दिवशी भरावा लागतो.

कार्डिफचाच आणखी एक विंगर होता, क्लाइव्ह सलिव्हन. लहानपणी त्याच्या पायांवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या होत्या. तोच मुलगा पुढे इतका वेगवान निघाला, की १९७२ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या ब्रिटिश संघाचे नेतृत्व त्याच्याकडे होते, आणि अंतिम सामन्यात त्याने केलेली लांब पल्ल्याची धाव आजही सांगितली जाते. हल शहरात रग्बी लीगचे दोन संघ आहेत. शहराचा पूर्व भाग एकाचा, पश्चिम भाग दुसऱ्याचा, आणि दोघांतून विस्तव जात नाही. सलिव्हन दोन्हींकडून खेळला आणि दोन्हींचा लाडका राहिला. १९८५ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने तो गेला. शहरात शिरणाऱ्या हमरस्त्याला त्याचे नाव दिले आहे. मालमोटार हाकणाऱ्यांना, सकाळी कामाला जाणाऱ्यांना तो रस्ता रोज लागतो. त्यातल्या बहुतेकांनी सलिव्हनला पाहिलेले नाही. पण मागच्या आसनावरचे एखादे मूल कधीतरी विचारणारच, हा कोण? आणि मग पुढे बसलेल्याला सांगणे भाग पडते. एका धावणाऱ्याचे स्मारक म्हणून रस्ता निवडणाऱ्यांना ऋण पुढे कसे जाते हे नेमके कळले होते, यात शंका नाही.

आपल्या घरोघरीही असे ऋणको बसलेले आहेत. कोणी एखाद्या गायकाचा, कोणी पैलवानाचा, कोणी गावच्या जत्रेतल्या कसरतवाल्याचा देणेकरी आहे, आणि तो हप्ता भरायला उत्सुक असतो. ऐकणारा मिळत नाही एवढेच. यंदाच्या सुटीत मंडळी फराळाला एकत्र बसतील, तेव्हा मुलांनी आजोबा-आजींना एवढे विचारावे, की तुम्ही पाहिलेला सर्वांत वेगवान माणूस कोणता? आणि त्यांनी सांगून संपवले, की लगेच दुसरे विचारावे : तो कधी हरला का, आणि हरला त्या दिवशी तुम्ही काय केलेत?